क्रूसाच्या सणाचा बार

उमेळे, वसई
१७ जानेवारी १९९९

व्हिक्टर,

मम्मीच्या महिन्याची मिस्सा झाली. तू नव्हतास, पण मस्कतहून येणं सोपं नाही हे पप्पांनाही कळतं. काळजी करू नकोस.

मिस्सेनंतर घर आवरायला घेतलं. अल्तारीखालच्या खणात मम्मीचा एक गाठ मारलेला रुमाल सापडला. आत ते बूड होतं, काडतुसाचं पितळेचं. नव्वद साली क्रूसाच्या सणाला पप्पांच्या हातात बंदूक फुटली, तेव्हा आजाच्या सोबतीच्या पास्कल बाबांना ते गवतात मिळालं होतं. मम्मीने ते न धुता ठेवलं, कारण कडेला लाल होतं. पप्पांचं रक्त मी कसं धुऊ, म्हणायची.

विनया मदतीला आली होती. सातिवलीच्या कारखान्यात माझ्या शेजारच्या टेबलावर बसते ती. तिने बूड हातात घेतलं आणि सहज विचारलं, "अगं, ह्याला कुंकू कोणी लावलं?" मी म्हटलं, रक्त आहे ते, नीट धर. तर म्हणते, "रक्त इतकी वर्षं लाल राहतं होय? आत काळं पडलंय ते रक्त असेल. कडेचं हे कुंकू आहे, तेलात कालवलेलं. दसऱ्याला आम्ही नाही का लावत, कोयत्याला, शिवणयंत्राला?"

आता तू सांग, आपल्या घरात काडतुसाला कुंकू कोण लावणार? गोऱ्या साहेबाने आजाला शिकारीची ती पेटी दिली तेव्हापासून काडतुसं आतल्या टिनाच्या डब्यातच राहिली. वर्षातून एकदा, सणाला, लदीनची प्रार्थना संपली की एक बाहेर निघायचं आणि क्रूसासमोर बार व्हायचा. उमेळ्याची वेस त्यांनी कधी ओलांडली नाही. शिवाय आजाने पाद्रीबाबांचा आशीर्वाद घेऊन प्रत्येकाच्या बुडावर खिळ्याने छोटा क्रूस कोरला होता. ह्या बुडावर क्रूस नाही. मी उन्हात धरून, चष्मा लावून पाहिलं. डब्यात उरलेल्यांतही वरच्या दोघांचं तसंच, कुंकू आहे, क्रूस नाही.

म्हणजे ते काडतूस आपलं नव्हतंच. कोणीतरी बदललं. आणि आपल्या पेटीभोवती घुटमळणारा माणूस एकच होता, श्रीरंग सबनीस. स्टेशनजवळच्या बिल्डिंगमध्ये राहायचा, जुन्या काडतुसांच्या पेट्या आणि काडतुसं जमवायचा, "क्लेमेंट, पेटी मला दे" म्हणून पप्पांच्या मागे लागलेला असायचा. त्या दिवशी पप्पांना रिक्षात घालून इस्पितळात त्यानेच नेलं. आणि डॉक्टरांसमोर, अख्ख्या गावासमोर त्यानेच सांगितलं, "घेतली होती हो त्याने, नळी साफ केली नसणार."

नोव्हेनाचे नऊ दिवस पप्पा थेंबाला शिवले नव्हते. मम्मी शपथेवर सांगत होती, तिचं कोणी ऐकलं नाही. डाव्या हाताची तीन बोटं गेली, क्वायरमधलं व्हायोलिन गेलं आणि वर दारुडा हे नाव चिकटलं. तेव्हापासून पप्पा क्रूसाकडे फिरकलेले नाहीत. त्यांना स्वतःलाच वाटतं की नळी बघायची राहिली असेल, कुंभारमाशीने आत घर केलं असेल.

मला ते नाव पुसायचंय, पप्पा आहेत तोवर. आणि श्रीरंगला रडवायचंय. दोन्ही करायचंय, एकावर भागणार नाही. पप्पांना अजून काही बोललेली नाही.

तुझी,
रोझलीन

---

मस्कत
२ फेब्रुवारी १९९९

रोझी,

तुझं लेटर वाचून डोकं फिरलं.

मी सुट्टी टाकतो. माझ्या दोस्ताला, हार्दिकला सांग, तो दोन पोरं घेऊन तयार राहील. सबनीस आता नाशिकला असतो ना? तिकडे जाऊन त्याची पण तीनच बोटं मोजून मोडतो, जास्त नाही. तू मध्ये पडू नको.

कुंकवाचं मला पटलं, पण दुसरा कोण मानणार? तो बोलेल, तुम्हीच लावलं. पोलीस तर हसतील, इतक्या वर्षांनी काय घेऊन आलात म्हणून. तू पत्र लिहून काय करणार? पत्राने कोणाचं काय वाकडं होतं?

आणि एक सांगतो. मीपण मानून चाललो होतो की पप्पांनी घेतली होती. तेव्हा सगळेच बोलत होते. फोनवर मी त्यांच्याशी दोन शब्दांच्या वर बोलत नाही, तुला माहीत आहे. आता बोलायला गेलो तर काय बोलू, सुचत नाही.

व्हिक्टर

---

उमेळे, वसई
१४ फेब्रुवारी १९९९

आदरणीय श्रीरंगकाका,

सप्रेम नमस्कार. मी क्लेमेंट तुस्कानोची मुलगी रोझलीन. तुम्ही घरी यायचात तेव्हा तुम्हाला बिनसाखरेचा चहा मीच करून द्यायची. पत्ता तुमच्या जुन्या शेजाऱ्यांकडून मिळवला.

मम्मी डिसेंबरात गेली. पप्पा थकले आहेत. घर मोडून बिल्डिंग बांधायची बोलणी चालू आहेत, सगळ्या उमेळ्याचंच चाललंय तसं. त्यामुळे सामान कमी करते आहे. आजाची शिकारीची पेटी माळ्यावर पडून आहे. तुमच्याइतकी तिची किंमत कोणाला कळणार, म्हणून आधी तुम्हाला विचारते. डब्यात काडतुसंही आहेत थोडी. तुम्ही पूर्वी कधी त्यातली नेली होती का, किंवा तुमच्याकडची ठेवली होती का? असतील तर तुमची तुम्हाला वेगळी काढून ठेवीन.

फोन नको, पत्रच लिहा. फोन पप्पांच्या खाटेपाशी आहे आणि त्यांना पेटीचा विषय सहन होत नाही.

वसुंधराकाकूंना नमस्कार.

तुमची,
रोझलीन

---

इंदिरानगर, नाशिक
२३ फेब्रुवारी १९९९

चि. रोझलीन हिस अनेक आशीर्वाद.

पत्र पावले. तुझ्या आईची वार्ता ऐकून मन सुन्न झाले. माउली होती. तिच्या हातचे इंद्याळ अजून जिभेवर आहे.

तू आवर्जून माझी आठवण ठेवलीस, ह्यातच तुझे संस्कार दिसतात. ती पेटी मी प्रथम पाहिली तो दिवस मला लख्ख आठवतो. सागवानी फळ्या, एकही खिळा न ठोकता दातात दात अडकवलेले कोपरे, दोराच्या मुठी, झाकणावर विलायतेतल्या दुकानाचे डागलेले नाव. माझ्याकडे आज लहानमोठ्या चाळीसेक पेट्या आहेत, देवळालीच्या जुन्या बाजारातून कितीतरी मिळवल्या, पण तिच्या तोडीची एकही नाही. क्लेमेंटने तिची कदर केली नाही असे म्हणवत नाही, पण दरवर्षी एक काडतूस वाजवून उडवायचे हा शुद्ध गाढवपणा होता. असो. गेलेल्या गोष्टी.

तू विचारलेस म्हणून स्पष्ट सांगतो. तुमच्या डब्यातले एकही काडतूस मी कधी नेले नाही, आणि माझे एकही तिथे ठेवले नाही. ह्या छंदात माणसाला हात स्वच्छ ठेवावे लागतात. तेव्हा जे आहे ते सर्व तुमचेच. त्या दिवशी जे घडले ते दुर्दैव, दुसरे काय? तुझे वडील मनाने सोन्यासारखे, पण त्या व्यसनाने घात केला.

पेटी अन्य कोणास दाखवू नकोस. जुन्या वस्तूंचे दलाल लबाड असतात.

कळावे, लोभ असावा.
श्रीरंग सबनीस

---

उमेळे, वसई
५ मार्च १९९९

आदरणीय श्रीरंगकाका,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. किती बारकाईने तुम्ही पेटी लक्षात ठेवली आहे. मला तर कोपऱ्यांचं कधी लक्षातही आलं नव्हतं.

थोडी अडचण झाली आहे. मुंबईहून एक गृहस्थ येऊन गेले, त्यांना कुठून तरी सुगावा लागला. ते म्हणतात, पेटी एकटी घेऊन उपयोग नाही, तिच्यातली मूळ काडतुसं जोडीला हवीत. डब्यात आता चार-दोनच उरलीत आणि ती खरी की खोटी हेही मला कळत नाही. तुमच्याकडे ह्या पेटीला शोभतील अशी काडतुसं आहेत का? असली तर पेटी तुमच्याकडेच जावी असं पप्पांना पटवता येईल.

आणि तोवर पेटीची काळजी कशी घेऊ तेही सांगा. तुम्ही तुमच्या वस्तू कशा ठेवता? मला सगळं सविस्तर लिहा, अडाण्याला सांगतात तसं.

तुमची,
रोझलीन

---

इंदिरानगर, नाशिक
१३ मार्च १९९९

चि. रोझलीन,

त्या मुंबईकराला दारात उभे करू नकोस. मी सांगतो ते नीट ऐक.

पेटी कोरड्या जागी ठेव. घासलेट लावायचे नाही, जवसाचे तेल हलक्या हाताने. वाळवीला कापराच्या वड्या. पेटीचे दोन शत्रू, मीठ आणि मासळी. तुमच्याकडे सुकट असते म्हणून बजावतो, माळ्यावर जवळपासदेखील ठेवू नकोस. जवळ्याचा वास एकदा सागवानात मुरला की पेटी मेली. अर्नाळ्याला मी एक सुंदर लष्करी पेटी पाहिली होती, त्यात बाईने बोंबील भरले होते. मला दोन दिवस जेवण गेले नाही.

काडतुसांबद्दल. डब्यात उरलेली कोणालाही वाजवू देऊ नकोस. भंगारवाले जुन्या पुठ्ठ्याच्या नळ्या पुन्हा भरतात. दारू कुठली, किती, कोणाला पत्ता नसतो. तसले काडतूस वाजवले तर नळी फुटणार म्हणजे फुटणार. बघायला ती अगदी मूळ मालासारखी दिसतात. सातिवलीच्या गोदामांतून माझ्याकडेही पूर्वी तशी बरीच आली होती. जाणकारालाच फरक कळतो.

आता आनंदाची गोष्ट. तुझ्या पेटीला तंतोतंत शोभतील अशी काडतुसे माझ्याकडे आहेत. फार वर्षांपूर्वी मुंबईच्या चोरबाजारात मिळाली. निळा पुठ्ठा, वर तितर छापलेला, आणि बुडावर बारीक फुलीसारखी खूण, क्रूसाच्या आकाराची. ही खूण कारखान्याने फक्त सुरुवातीच्या मालावर ठोकली असावी असा माझा अभ्यास आहे. अन्य कोणत्याही संग्रहात मी ती पाहिलेली नाही. पेटी आणि ही काडतुसे एकत्र आली तर तो योग दुर्मीळच.

मी वस्तू कशा ठेवतो विचारलेस. दर दसऱ्याला सर्व पेट्या उघडून पूजा करतो. प्रत्येक काडतुसाच्या बुडाच्या कडेला, त्या खोबणीत, एरंडेलात कालवलेले कुंकू काडीने भरतो. कोरडे कुंकू झडते, हे वर्षानुवर्षे निघत नाही. वसुंधरा हसते, पण चौऱ्याऐंशी सालापासून माझ्या घरात आलेले एकही काडतूस ह्यातून सुटलेले नाही. माझ्या संग्रहाची ती मोहोरच समज.

पेटी न्यायला केव्हा येऊ ते कळव.

श्रीरंग सबनीस

---

उमेळे, वसई
२० मार्च १९९९

व्हिक्टर,

पत्राने काय वाकडं होतं विचारलं होतंस. सोबतची झेरॉक्स वाच.

कुंकू त्याने स्वतःच्या हाताने लिहून दिलं. आजाच्या खिळ्याला तो कारखान्याची खूण समजतोय, इतका शहाणा आहे. भंगारातली भरलेली काडतुसं त्याच्याकडे होती, तीही त्याने कबूल केली, आणि वाजवली तर नळी फुटते हेसुद्धा त्याला ठाऊक होतं. ठाऊक असून क्रूसासमोर उभा राहून बघत होता. मी हे वाचलं तेव्हा पप्पा अंगणात मिरच्या वाळत घालत होते, दोन बोटांनी. मला आत जाऊन तोंड धुवावं लागलं.

हार्दिकला आणि त्या पोरांना घरी बसव. कोणाच्या बोटाला हात लावायचा नाही, बोटं मोडली की लोक त्याची कीव करतील. तू मे महिन्यात ये. सणाला पप्पांना क्रूसापर्यंत हाताला धरून आणणं एवढंच तुझं काम. ते माझ्याबरोबर येणार नाहीत, तुझ्याबरोबर येतील.

रोझलीन

---

उमेळे, वसई
१० एप्रिल १९९९

आदरणीय श्रीरंगकाका,

पप्पांनी होकार दिला. एकच अट आहे. पेटी आजाची, आजाने ती क्रूसाच्या सणासाठी राखली, तेव्हा ती द्यायची तर सणाच्या दिवशी, चार माणसांसमोर, मानाने द्यायची. मेच्या दुसऱ्या रविवारी सण आहे. संध्याकाळी लदीन संपली की तुम्ही तुमची काडतुसं पेटीत मांडायची आणि दोन शब्द बोलायचे. आमच्या लोकांना आपल्याच वस्तूची काही माहिती नाही. माइकची सोय आहे.

मुंबईकराला नकार कळवला आहे.

रोझलीन

---

इंदिरानगर, नाशिक
१७ एप्रिल १९९९

चि. रोझलीन,

अट मनापासून मान्य. अशी रसिकता तुमच्या समाजात आहे हे पाहून भरून आले. भाषणाची टाचणे काढत आहे. पंधरा मिनिटे पुरतील ना?

काडतुसे बसने आणायची म्हणजे जपून आणावी लागतील. वसुंधरा चिवडा देणार आहे, त्या डब्यात तळाशी ठेवीन. क्लेमेंटला सांग, जुने सारे विसरून मी येतो आहे.

श्रीरंग सबनीस

---

इंदिरानगर, नाशिक
१४ मे १९९९

रोझलीन,

मायना लिहिण्याच्या मनःस्थितीत मी नाही. माझ्या वयाच्या माणसाला तू जे केलेस ते शोभले का तुला, ह्याचा विचार कर.

लदीन संपली, तू पेटी क्रूसासमोरच्या टेबलावर मांडलीस, मला हार घातलास. मी काडतुसे एकेक करून डब्यात उभी केली, त्या खुणेबद्दल बोललो. लोक एकदम गप्प झाले, ते मला आदराचे वाटले. मग तो म्हातारा पास्कल पुढे आला, काडतूस डोळ्याजवळ धरले आणि माइकवर विचारतो, "हा क्रूस कोनी कोरला, ठावं हाय का तुला? हिच्या आजानं. खिळा मी धरून दिलता." त्यानंतर तू माझी दोन खाजगी पत्रे वाचलीस. खाजगी पत्रे. शब्द न् शब्द. आणि रुमालातून ते बूड काढून पाद्रींच्या हातात दिलेस.

हो, बदलली मी. तिथे हो म्हटले, इथेही म्हणतो. तुझे वडील आत चहा सांगायला गेले तेवढ्या वेळात वरचा थर काढला आणि माझा ठेवला. पण मी कोणाचे वाईट चिंतले नव्हते. त्या वर्षी हात नेमका त्याच काडतुसावर पडेल हे मला कसे कळणार? आणि इतकी जुनी दुर्मीळ वस्तू बंदुकीत घालून उडवायची असते का? दोष द्यायचा तर त्या प्रथेला द्या.

दारूचे बोललो ते घाबरून बोललो. एकदा बोलल्यावर मागे कसे घ्यायचे ते कळले नाही. वसुंधरा माझ्याशी बोलत नाही. वसईतल्या कोणीतरी तिला फोन करून सगळे सांगितले.

झाले ते झाले. तुम्हाला हवे होते ते मिळाले. आता माझी काडतुसे, बरे, ती तुमची म्हण, पण निदान पेटी तरी नीट हातात पडू दे. वैर माणसामाणसांत असावे. त्या सागवानाने तुमचे काय बिघडवले? जी अट घालशील ती मान्य.

श्रीरंग सबनीस

---

उमेळे, वसई
८ ऑक्टोबर १९९९

श्रीरंग सबनीस यांस,

सणानंतरची तुमची चारही पत्रं मिळाली. उत्तर मुद्दाम दिलं नाही. तुम्ही रोज पोस्टमनची वाट बघत असाल, हे मला पावसाळाभर गोड लागत होतं. पापच आहे, पण लागत होतं.

पेटीची अट विचारता. ऐका पेटीचं काय झालं ते. माझी अर्नाळ्याची फ्लॉसी मावशी मासळी विकते. जूनमध्येच तिला देऊन टाकली. आत तिने जवळा भरलाय, खारवलेला, अगदी गळ्यापर्यंत. झाकणावर ती बाजारात बसते आणि बोंबील कापते. दुकानाचं ते डागलेलं नाव तिच्या बुडाखाली आलंय, आता वाचता येत नाही. दोराच्या मुठी कुजल्या, तिने नायलॉनच्या लावल्या. मीठ आणि मासळी, दोन शत्रू, तुम्हीच शिकवलंत. तुम्ही नसता शिकवलं तर मला कुठलं सुचलं असतं? वास घ्यायचा असेल तर कधीही या, मावशी ओळखते तुम्हाला.

काडतुसं सणाच्या दुसऱ्याच दिवशी व्हिक्टरने पाण्याच्या पिंपात बुडवली. निळा पुठ्ठा फुगला, तितर सुटून वर तरंगले. तक्रार करायची असेल तर जरूर करा. परवाना नसताना जिवंत काडतुसं चिवड्याखाली घालून एसटीतून आणली, हेही त्यात लिहा, तेवढं तुमच्या हाताचं आमच्याकडे आहेच.

तुम्ही लिहिलंय, आम्हाला हवं ते मिळालं. काय मिळालं ते तुम्ही बघायला थांबला नाहीत, म्हणून सांगते. तुम्ही हो म्हणालात, गर्दी तुमच्या अंगावर येणार होती, पास्कल बाबांनी हात आडवा घातला. पप्पा व्हिक्टरच्या खांद्याला धरून मागे उभे होते. ते तुमच्यावर ओरडले नाहीत. फक्त व्हिक्टरला म्हणाले, "म्हंजे नळी साफ व्हती." दोनदा म्हणाले. मग म्हणाले, "त्या मानसाला पानी द्या कोनीतरी, त्याचा घसा सुकला." तुम्हाला गार पाण्याचा पेला मी आणून दिला तो त्यांच्या सांगण्यावरून. पाणी त्यांचं होतं, माझं नव्हतं. मी दिलं असतं तर गार दिलं नसतं.

नऊ वर्षं माणूस रोज सकाळी उठून स्वतःलाच विचारत होता, नळी बघितली होती की नाही. बोटं गेली त्याचं त्यांनी कधी काही काढलं नाही. हेच एक विचारायचे, मम्मीला, मला, कधी कुत्र्यालासुद्धा. तुम्ही एक ओळ लिहिली असती तर ते थांबलं असतं. नाव घालून नका, निनावी लिहायची. तुम्ही काडीने कुंकू भरत बसलात.

आता ते रविवारी चर्चला पहिल्या बाकावर बसतात. व्हायोलिन क्वायरच्या नव्या मुलीला दिलं, क्रिस्टिना तिचं नाव. तिचा सूर चुकला की मिस्सा चालू असताना मान हलवतात, तिला राग येतो. व्हिक्टर दर शुक्रवारी मस्कतहून फोन करतो आणि दोघं इतकं बोलतात की मला ओरडावं लागतं. पप्पांनी तुम्हाला क्षमा केली आहे. पाद्रीबाबा म्हणतात मीही करावी. मी त्यांना सांगितलं, बघू.

सोबत वसुंधराकाकूंचा चिवड्याचा डबा परत पाठवते आहे. तुम्ही धावपळीत टेबलावरच विसरलात. काकूच मला एकदा म्हणाल्या होत्या, रिकामं भांडं परत करू नये, म्हणून आत काहीतरी ठेवलंय. मम्मीचा रुमाल आहे, उघडून बघा. तुमचंच आहे ते, तुमच्याच घरून आमच्याकडे आलं होतं, आणि चोरबाजारातून नव्हे.

दसरा तोंडावर आलाय. पूजा मांडाल तेव्हा हे सगळ्यांत पुढे ठेवा. ह्याला नव्याने कुंकू लावायला नको, कडेचं तुमचं अजून तसंच लाल आहे. आत काळं पडलंय ते पप्पांचं. ते मात्र पुसू नका.

रोझलीन क्लेमेंट तुस्कानो